आरोग्यसेवा संशोधनातील पदव्युत्तर पदवी : ब्रिटनमधील वाट, खर्च आणि प्रश्नाची निवड

ब्रिटनमधील रुग्णालयांत पाच-सात वर्षे काढलेल्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट किंवा डॉक्टर यांच्या मनात एका टप्प्यावर पुढच्या पदवीचा विचार येतोच. व्यवस्थापनाची वाट परिचयाची असते आणि ती कुठे नेते हेही ठाऊक असते. संशोधनाच्या वाटेबद्दल मात्र मराठी घरांतून दोन समज हमखास ऐकू येतात. पहिला असा, की संशोधन म्हणजे प्रयोगशाळा. तेथे रुग्णसेवेतल्या माणसाचे काय काम? दुसरा असा, की ही पदवी म्हणजे पीएच.डी.च्या दारातले पायपुसणे आणि पीएच.डी. करायची नसेल तर ती घेण्यात अर्थ नाही. दोन्ही समज अपुरे आहेत. आणि त्यांच्या आधारे घेतलेला निर्णय पैसा, व्हिसा आणि एक अख्खे वर्ष एवढ्या किमतीचा ठरू शकतो.

आरोग्यसेवा संशोधनाचा विषय परीक्षानळीतला रेणू नसतो. औषध किंवा उपचार रुग्णाच्या खाटेपर्यंत, त्याच्या घरापर्यंत पोहोचतो तेथे काय घडते, हा तिचा विषय. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दुसऱ्या दिवशी चालवले तर तो लवकर घरी जातो का? मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात बोलावलेले लोक येत का नाहीत? घरी सोडताना औषधांची यादी बदलते तेव्हा चुका कोठे होतात? असे प्रश्न वॉर्डात रोज पडतात. पदवी शिकवते ते त्यांना उत्तर देता येईल असे रूप देणे.

ही शिस्त मुळात ब्रिटनमध्येच घडली म्हटले तरी चालेल. १९४८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची क्षयरोगावरील चाचणी प्रसिद्ध झाली. युद्धोत्तर टंचाईत औषध फारच थोडे होते, सर्वांना देणे शक्यच नव्हते. तेव्हा कोणाला द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवावे, अशी मांडणी सांख्यिकीतज्ज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी केली. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना औषध मिळाले. सहा महिन्यांत त्यांतले ४ दगावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकी १४. आजही पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांना हा निबंध वाचायला दिला जातो, कारण एवढ्या लहान संख्येतूनही विश्वासार्ह उत्तर कसे निघते हे त्यात दिसते.

एकाच नावाच्या दोन पदव्या

प्रवेशपुस्तिकांत ‘क्लिनिकल रिसर्च’, ‘हेल्थ रिसर्च’, ‘हेल्थ सर्व्हिसेस रिसर्च’ अशी नावे आढळतात. नावापेक्षा पदवीचा साचा पाहावा. ब्रिटनमधील पदव्युत्तर पदवी १८० श्रेयांकांची असते आणि एक श्रेयांक म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे एकूण १,८०० तास. नेहमीच्या एम. एस्सी.मध्ये यांतले १२० श्रेयांक वर्गातील विषयांना आणि ६० प्रबंधाला असतात. एम. रेस. म्हणजे मास्टर ऑफ रिसर्च या पदवीत हे प्रमाण बहुधा उलट असते: थोडे विषय आणि मोठा संशोधनप्रकल्प.

हा फरक वरवर शैक्षणिक वाटला तरी त्याचे पडसाद घरापर्यंत जातात. १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांसाठी विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना पती, पत्नी वा मुले आणण्याची मुभा सर्वसाधारणपणे राहिलेली नाही. पीएच.डी. व तत्सम पदव्या, ‘संशोधनाधारित उच्च पदवी’ आणि सरकारी शिष्यवृत्तीचे काही प्रकार एवढेच अपवाद आहेत. संशोधनाधारित म्हणजे काय, याचीही व्याख्या नियमांत आहे: विद्यार्थ्याच्या श्रमांच्या मोजमापात संशोधनाचा भाग शिकवणीच्या भागापेक्षा मोठा असला पाहिजे. म्हणून ‘एम. रेस.’ ही अक्षरे पाहून सासरच्या मंडळींना तिकिटे काढायला सांगण्याची घाई करू नये. त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचे श्रेयांक कसे विभागले आहेत आणि विद्यापीठ तो व्हिसासाठी कोणत्या वर्गात धरते, हे प्रवेश कार्यालयाकडून लेखी मागवावे. नागपूर, नाशिक किंवा कोल्हापूरहून लहान मूल मागे ठेवून येणाऱ्या उमेदवाराच्या दृष्टीने श्रेयांकांचे ते एक कोष्टक बाकी सगळ्या माहितीपत्रकापेक्षा महत्त्वाचे आहे.

शिक्षणानंतर काम शोधण्यासाठी मिळणारा ‘ग्रॅज्युएट रूट’ पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आजवर दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळेल. पीएच.डी.धारकांसाठी तीन वर्षांची मुदत कायम आहे. आणखी एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. विद्यार्थी व्हिसावर सत्रकाळात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते आणि सुटीत पूर्णवेळ. पण पदव्युत्तर वर्गाचा उन्हाळा, म्हणजे प्रबंध लिहिण्याचे महिने, सहसा ‘सुटी’ धरला जात नाही. जून ते ऑगस्ट पूर्णवेळ पाळ्या करून शुल्काची भरपाई करू, हा हिशेब त्यामुळे कोसळतो.

जे आधीच कामाच्या व्हिसावर येथे आहेत त्यांचे गणित वेगळे. त्यांना नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकता येते. दोन किंवा तीन वर्षांत विभागलेला अभ्यासक्रम, आठवड्यातला एखादा दिवस वर्गासाठी आणि प्रकल्प स्वतःच्याच विभागातला, अशी रचना अनेक विद्यापीठांत उपलब्ध आहे. अनुभवी रुग्णसेवकांसाठी हीच वाट अधिक शहाणपणाची. पगार चालू राहतो. आणि संशोधनासाठी लागणारी सगळ्यात दुर्मीळ वस्तू, म्हणजे रुग्णांपर्यंतची पोहोच, ती आधीच हाताशी असते.

शुल्क आणि आधार

शुल्काचे दोन दर असतात, स्थानिक आणि परदेशी. त्यांतले अंतर बहुतेक ठिकाणी दुपटीच्या घरात जाते. येथे राहतो, कर भरतो, म्हणून स्थानिक दर मिळेल, ही समजूत चुकीची आहे. सामान्य नियमाप्रमाणे अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी कायम वास्तव्याचा हक्क असावा लागतो आणि त्याआधीची तीन वर्षे येथे वास्तव्य असावे लागते. इंग्लंडमधील पदव्युत्तर कर्जालाही साधारण हेच निकष आहेत. ऑगस्ट २०२५ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी त्याची कमाल रक्कम १२,८५८ पौंड आहे, आणि परतफेड वार्षिक २१,००० पौंडांवरील उत्पन्नाच्या ६ टक्के दराने होते. कायम वास्तव्याचा हक्क मिळायला वर्ष-दीड वर्ष उरले असेल, तर तेवढे थांबून प्रवेश घेण्याने वाचणारी रक्कम मोठी असते. घाई करून परदेशी दराने शुल्क भरलेल्यांना मग हळहळ वाटते; मध्येच दर्जा बदलला म्हणून शुल्क आपोआप कमी होत नाही.

कर्जाशिवाय आधाराचा दुसरा स्रोत म्हणजे एनआयएचआर. इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या पैशावर चालणारी ही संस्था २००६ साली उभी राहिली आणि एप्रिल २०२२ मध्ये तिच्या नावात ‘आरोग्या’च्या जोडीला ‘सेवा’ हा शब्द आला. सामाजिक काळजीचे क्षेत्रही त्यामुळे तिच्या कक्षेत असल्याचे स्पष्ट झाले. परिचारिका, सुईणी, फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ, फार्मासिस्ट यांनी रुग्णसेवा न सोडता संशोधनात यावे, यासाठी ती टप्प्याटप्प्यांच्या योजना चालवते. पीएच.डी.पूर्व फेलोशिपमध्ये वेतनाचा भार उचलून अभ्यासासाठी वेळ मोकळा करून दिला जातो. ‘इनसाइट’ या योजनेतून संशोधनातील पदव्युत्तर पदवीच्या जागांना पैसा मिळतो. योजनांची नावे व अटी फेऱ्यागणिक बदलतात. मात्र एक सूत्र बदलत नाही: अर्जाच्या वेळी हाती प्रश्न, मार्गदर्शक आणि विभागप्रमुखाची संमती असावी लागते. भारतातून थेट येणाऱ्यांसाठी ब्रिटिश सरकारची चीवनिंग शिष्यवृत्ती आहे. तिला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि पदवीनंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. येथेच स्थायिक होण्याचा बेत असेल तर ती घेऊ नये.

मोठा प्रश्न आणि लहान वर्ष

पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, सांख्यिकी आणि गुणात्मक अभ्यास असे विषय असतात. भारतीय पदवीधरांना सांख्यिकीची धास्ती असते. प्रत्यक्षात ते बहुधा तिच्यात तरून जातात आणि गुणात्मक विषयात अडखळतात. मुलाखत घेणे, ती शब्दशः उतरवणे, तिच्यातून आशयसूत्रे काढणे आणि या साऱ्यात स्वतःच्या पूर्वग्रहांची नोंद ठेवणे, याची सवय आपल्या शिक्षणात लागलेली नसते. ‘मला काय वाटते’ हे उत्तरपत्रिकेत लिहू नये असे आयुष्यभर ऐकलेल्या विद्यार्थ्याला, मुलाखत घेताना आपण कोण होतो, रुग्ण आपल्याला डॉक्टर समजून बोलत होता की शेजारी समजून, हे लिहायला सांगितले की तो गोंधळतो.

पण खरी झुंज प्रश्नाशी असते. समजा, एखाद्या फिजिओथेरपिस्टला वाटते की गुडघा बदलल्यानंतर घरी फोन करून व्यायामाची आठवण दिली तर गुंतागुंती कमी होतील. प्रश्न चांगला आहे. आता हिशेब करावा. सध्या ३० टक्के रुग्णांना काही ना काही अडचण येते आणि फोनमुळे ती २० टक्क्यांवर येईल, असे गृहीत धरले, तर हा फरक प्रचलित निकषांनुसार ओळखण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे २९० रुग्ण लागतात. दोन्ही मिळून जवळजवळ ६००, आणि मध्येच सोडून जाणारे वेगळे. एका विद्यार्थ्याला एका वर्षात हे साधणे नाही. येथे दोन मोह होतात. एक, ४० रुग्णांवर चाचणी करून ‘फरक आढळला नाही’ असे लिहून मोकळे होणे. हे निरर्थक आहे, कारण फरक असता तरी तो ४० जणांत दिसलाच नसता. दुसरा, परिणाम फुगवून ३० टक्क्यांचे थेट १० टक्के होतील असे धरणे. मग प्रत्येक गटात ६० रुग्ण पुरतात. आकडे जुळतात, पण केवळ फोनमुळे अडचणी तीनपटीने घटतील यावर कोणता अनुभवी चिकित्सक विश्वास ठेवील?

चांगला मार्गदर्शक येथे प्रश्न बदलायला लावतो. मोठी चाचणी भविष्यात कोणी तरी करील. ती करता येण्याजोगी आहे का, एवढेच आता पाहावे. विचारलेल्यांपैकी किती रुग्ण तयार होतात? फोन उचलला जातो का? सहा आठवड्यांनी किती जण संपर्कात उरतात? याला व्यवहार्यता अभ्यास म्हणतात, आणि त्याला ४० रुग्ण पुरू शकतात. किंवा दहा-बारा रुग्णांच्या सखोल मुलाखती घेऊन व्यायाम का सुटतो हे समजून घ्यावे. दोन्हींची उत्तरे लहान असतात. पण ती खरी असतात, आणि पुढच्या चाचणीला ती लागतात. आपल्या प्रश्नाचा आकार असा उतरताना पाहणे अनेकांना अपमानास्पद वाटते. परीक्षक मात्र नेमके तेच तपासतात.

परवानगीचे घड्याळ

एनएचएसच्या रुग्णांवर संशोधन करायचे तर नैतिकता समितीचे अनुकूल मत आणि इंग्लंड व वेल्समध्ये आरोग्य संशोधन प्राधिकरणाची मान्यता लागते. अर्ज आयआरएएस या एकाच ऑनलाइन व्यवस्थेतून जातो. समितीने साधारणपणे ६० दिवसांत मत द्यावे अशी मुदत आहे. परंतु समितीने खुलासा मागितला की घड्याळ थांबते आणि उत्तर येईपर्यंत थांबूनच राहते. त्यापुढे त्या रुग्णालयाच्या संशोधन कार्यालयाची तयारी वेगळी. जानेवारीत प्रश्न पक्का झाला, मार्चमध्ये अर्ज गेला, तर पहिला रुग्ण भेटायला जून उजाडतो आणि प्रबंध ऑगस्टअखेर द्यायचा असतो. पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या वर्षाची चणचण येथे कळते. शिवाय सप्टेंबर २०२१ पासून विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे करावयाच्या अभ्यासांसाठीचे निकष प्राधिकरणाने अधिक कडक केले आहेत. आपला अभ्यास त्यांत बसतो का, हे प्रश्न ठरवण्याआधी पाहावे. ठरवल्यानंतर पाहणारे पुन्हा पहिल्या पानावर येतात.

प्रत्येक चौकशी म्हणजे संशोधन नव्हे, हेही येथे लक्षात घ्यावे. ठरलेल्या मानकांनुसार काम होते का हे तपासणे म्हणजे क्लिनिकल ऑडिट. चालू सेवा कशी आहे हे पाहणे म्हणजे सेवामूल्यमापन. यांना नैतिकता समितीकडे जावे लागत नाही, रुग्णालयात नोंदणी मात्र करावी लागते. भेद ओळखण्यासाठी प्राधिकरणाचे छोटेसे ऑनलाइन साधन आहे. संशोधनाला ऑडिटचा अंगरखा घालून परवानगी चुकवण्याचा प्रकार अधूनमधून होतो. तो पकडला गेला तर जमवलेली माहिती वापरता येत नाही आणि नोंदणीकृत व्यावसायिकाला खुलासा देण्याची वेळ येऊ शकते.

या कागदपत्रांना कंटाळणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा इतिहास ठाऊक असावा. नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता आली; १९६४ साली जागतिक वैद्यकीय संघटनेने हेलसिंकी घोषणापत्र स्वीकारले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची ताजी सुधारणा झाली, तेव्हा ज्यांच्यावर संशोधन होते त्यांच्यासाठीचा जुना इंग्रजी शब्द जाऊन ‘सहभागी’ या अर्थाचा शब्द आला. मराठीत आपण ‘सहभागी’ हाच शब्द सहजपणे वापरतो, ही एक बरी गोष्ट.

ग्रंथालयात बसून केलेले संशोधन

परवानग्यांची ही दमछाक टाळण्यासाठी बरेच विद्यार्थी पद्धतशीर आढावा निवडतात, म्हणजे एखाद्या प्रश्नावर आजवर झालेले सर्व अभ्यास ठरावीक पद्धतीने शोधून, पारखून एकत्र मांडणे. घरच्यांना, आणि कधी कधी विद्यार्थ्यालाही, हे दुय्यम वाटते: ‘दुसऱ्यांचेच वाचायचे, मग संशोधन कसले?’ या शंकेला कोक्रेन या संस्थेचे बोधचिन्ह हे उत्तम उत्तर आहे.

मुदतपूर्व प्रसूतीचा संभव असलेल्या मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे दाखवणारी पहिली चाचणी न्यूझीलंडमध्ये लिगिन्स व हाउवी यांनी १९७२ साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ब्रिटिश डॉक्टर आर्ची कोक्रेन यांनी आपल्या पुस्तकात, वैद्यकातील अनेक उपचारांच्या परिणामकारकतेला पुरेसा पुरावा नाही, असा आक्षेप घेतला होता. पुढच्या वर्षांत स्टेरॉइडच्या आणखी चाचण्या झाल्या. काही लहान, काही अनिर्णित. वेगवेगळ्या वाचल्या तर संभ्रम, एकत्र मांडल्या तर निष्कर्ष लख्ख. तरीही ही मांडणी प्रसिद्ध व्हायला १९९० साल उजाडले, आणि मधल्या काळात बहुसंख्य मातांना ते स्वस्त इंजेक्शन मिळाले नाही. १९९३ साली स्थापन झालेल्या कोक्रेनच्या बोधचिन्हात याच चाचण्यांच्या आडव्या रेषा आहेत.

या कथेचा उत्तरार्ध नागपूरपर्यंत येतो आणि तो क्वचितच सांगितला जातो. श्रीमंत देशांतील रुग्णालयांचा हा पुरावा गरीब देशांतील गावपातळीवर लागू पडेल का, हे तपासण्यासाठी सहा देशांत एक मोठी चाचणी झाली. भारतातील तिची केंद्रे नागपूर आणि बेळगाव ही होती. ‘लॅन्सेट’मध्ये आलेला तिचा निष्कर्ष धक्कादायक होता: कमी वजनाच्या बाळांना फायदा दिसला नाही आणि एकूण नवजात मृत्यू उलट वाढले. पुढे २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यांत भारतही होता, चांगली सोय असलेल्या रुग्णालयांत चाचणी घेतली. गर्भाचे वय नीट मोजून आणि बाळाच्या देखभालीची तयारी ठेवून औषध दिले तेव्हा मृत्यू घटले. औषध तेच होते. ते कोठे, कोणाला आणि कोणत्या तयारीनिशी दिले जाते, यावर जीव वाचणार की जाणार हे ठरले. आढावा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक निबंधात तोच तपशील शोधायचा असतो.

आढाव्याची योजना काम सुरू करण्याआधी यॉर्क विद्यापीठाच्या ‘प्रॉस्पेरो’ नोंदवहीत नोंदवावी, आणि शक्य तेथे निवडीसाठी दुसरा वाचक घ्यावा. हजार-दीड हजार सारांश एकट्याने चाळताना डोळे चुकतात.

महाराष्ट्रातील माहिती हवी असेल तर

येथे शिकावे आणि प्रकल्प मात्र आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करावा, ही इच्छा अनेकांची असते. ती स्तुत्य आहे आणि एका वर्षात बहुधा अशक्य आहे. ब्रिटिश विद्यापीठाच्या परवानगीखेरीज भारतातील संस्थेच्या नोंदणीकृत नैतिकता समितीची मान्यता लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे तिला बंधनकारक असतात. परदेशी सहकार्य वा निधी असलेल्या आरोग्य संशोधनाला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडून जावे लागते, आणि तिच्यासाठी महिन्यांची तयारी धरावी. चाचणी असेल तर भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीत, पहिला रुग्ण घेण्याआधी, नोंद हवी. काका सिव्हिल सर्जन आहेत म्हणून यांतले काही टळत नाही. आधीच मान्यता मिळालेल्या एखाद्या भारतीय अभ्यासातील, ओळख पुसलेल्या माहितीचे विश्लेषण त्या संस्थेच्या संमतीने आणि दोन्हीकडच्या परवानगीने करणे हा अधिक व्यवहार्य मार्ग.

असे शिक्षण घेऊन परतलेल्यांनी काय केले, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे. दोघांनी १९८४ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ची स्थापना केली. त्यांचा पहिला गाजलेला अभ्यास पद्धतीच्या दृष्टीने अगदी साधा होता: दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी. रुग्णालयात आलेल्या स्त्रियाच मोजल्या तर आजार किती आहे ते कळत नाही. गावातल्या सगळ्याच मोजाव्या लागतात. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, आणि त्यांतल्या फारच थोड्यांची पूर्वी कधी तपासणी झाली होती. ‘लॅन्सेट’ने तो निबंध १९८९ साली छापला. दहा वर्षांनी त्याच नियतकालिकात घरोघरच्या नवजात बालसेवेचा अभ्यास आला. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी बाळांची काळजी घेतली, ४७ गावांशी तुलना केली; नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. दोन अभ्यासांमध्ये दहा वर्षे आहेत, हा तपशील घाईच्या अर्जदारांनी पाहून ठेवावा.

पदवीनंतर

नोकरीच्या बाजूने स्पष्ट बोलायला हवे. पदवी मिळाली म्हणून एनएचएसमध्ये वेतनश्रेणी आपोआप वाढत नाही. रिसर्च नर्स किंवा चाचणी समन्वयक होण्यासाठी ती सक्तीचीही नाही; रिसर्च नर्सची पदे सहसा बँड ६ ची असतात आणि रुग्णसेवेचा अनुभव व गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचे प्रशिक्षण यांवर ती मिळतात. एनआयएचआर हे प्रशिक्षण एनएचएसच्या कर्मचाऱ्यांना विनामूल्य देते. ज्यांना दुसऱ्याच्या चाचणीत उत्तम काम करायचे आहे त्यांनी आधी असे पद घ्यावे, वर्षभर पाहावे आणि मग शुल्क भरावे की नाही ते ठरवावे. ज्यांना स्वतःचा प्रश्न विचारायचा आहे त्यांना मात्र पदवीला पर्याय नाही; पीएच.डी.च्या स्पर्धेत मोठा संशोधनप्रकल्प पूर्ण केलेल्याचे पारडे जड असते.

मराठी भाषकांसाठी येथे एक जागा रिकामी पडलेली आहे. ब्रिटनमधील अनेक अभ्यासांतून इंग्रजी न येणारे रुग्ण दुभाष्याचा खर्च नको म्हणून वगळले जातात, आणि मधुमेह व हृदयविकार दक्षिण आशियाई लोकांत अधिक असूनही त्यांचीच माहिती अपुरी राहते. २०२० साली एनआयएचआरने वंचित गटांना संशोधनात सामावून घेण्याबाबत ‘इन्क्लूड’ या नावाने मार्गदर्शन प्रसिद्ध केले. तेव्हापासून निधी देणारे हा प्रश्न विचारू लागले आहेत. मुलाकडे राहायला आलेल्या, केवळ मराठी बोलणाऱ्या सत्तरीतल्या आईला संमतिपत्र तिच्या भाषेत समजावून तिची मुलाखत घेणे आणि तिचे शब्द अर्थ न हरवता इंग्रजीत आणणे, हे कौशल्य अर्जात ‘इतर भाषा’ या रकान्यात दडवून ठेवू नये. ते पद्धतीच्या विभागात लिहावे.

सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमासाठी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हालचाल सुरू केलेली बरी. विभागातील प्राध्यापकांचे गेल्या तीन वर्षांतले निबंध वाचावेत, त्यांतल्या दोघांना अर्ध्या पानाचे पत्र लिहावे, आणि पत्रात स्वतःच्या गुणपत्रिकेऐवजी वॉर्डात पडलेला एक प्रश्न मांडावा. उत्तर आले नाही तर पंधरवड्याने एकदा स्मरण द्यावे. उत्तर आलेच, तर पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचाराव्यात: मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांना परवानगी कोणत्या महिन्यात मिळाली, आणि त्यांतल्या किती जणांना प्रबंधासाठी मुदतवाढ मागावी लागली.